शिमग्याला लेकराला गावी नेताना: पालखी घरी येते त्या दोन दिवसांची तयारी

फाकपंचमीच्या आसपास गावाहून काकांचा फोन येतो, "पालखी आपल्याकडं आयतवारी हाय. बायला घेऊन येवा." लहान मुलाला घेऊन शिमग्याला, म्हणजे कोकणातल्या होळीला, जाणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं. दिवस कोणता आणि पालखी कुणाच्या अंगणात.

आमची लेक दीड वर्षाची होती तेव्हा आम्ही होमाला, म्हणजे गावच्या मोठ्या होळीच्या रात्री, गेलो होतो. सगळे चाकरमानी होमाला जातात म्हणून आम्हीही गेलो. रात्रभर गाडीत जागरण, पोचल्यावर दिवसभर पाहुणे, मग मध्यरात्री सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, गर्दी, धूर, बोंबा आणि ढोल. ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडत राहिली आणि तिच्या आईने होम संपायच्या आधीच तिला घरी नेलं. पुढच्या वर्षी आम्ही होम सोडला आणि पालखी आमच्या घरी येणार होती ते दोन दिवस धरले. त्या वर्षी तिने पालखीवर फुलं टाकली, गुरवबाबांकडून अंगारा लावून घेतला आणि पालखी शेजारच्या अंगणात गेली तेव्हा "माझा देव कुठं नेला?" म्हणून पायरीवर बसून राहिली.

रत्नागिरी जिल्ह्यातला शिमगा म्हणजे देवाने वर्षातून एकदा घरोघर जाणं. देव देवळातून निघतो आणि तुमच्या उंबऱ्याशी येतो. ज्याला तासभर उभं राहता येत नाही, रांग समजत नाही, गर्दीत काही दिसत नाही, त्या तीन-चार वर्षांच्या मुलासाठी याहून सोयीचा सण मला ठाऊक नाही. सणामागे मुलाला पळवायचं नाही, सण येईल तिथे त्याला आरामात बसवून ठेवायचं. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी दिवस पक्का करा

शिमगा सगळ्या गावांत एकाच दिवशी नसतो. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, बऱ्याच गावांत लहान होळ्या लागायला सुरुवात होते. मोठा होम काही गावांत त्रयोदशीला असतो, त्यांना तेरसे शिमगे म्हणतात. काही गावांत तो पौर्णिमेला असतो, ते भद्रेचे शिमगे. देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत लागतात, पालखी सहाणेवर बसते आणि मग वाडीवाडीतून तिची भोवनी सुरू होते. कुठे ती होमाच्या आधीच फिरते, कुठे होमानंतर. भोवनी किती दिवस चालेल हे गाव केवढं, वाड्या किती आणि पालखी शेजारच्या गावांतही जाते का, यावर ठरतं. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर बघून रजा टाकू नका. गावी फोन करून तीन गोष्टी विचारा. पालखी आपल्या वाडीत कोणत्या दिवशी? त्या दिवशी आपलं घर सुरुवातीला की शेवटी? खेळे किंवा नमन, म्हणजे सोंगांचे खेळ, कोणत्या रात्री?

सगळ्यात मोलाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं. वाडीतलं पहिलं घर असेल तर पालखी उजेडात येण्याची शक्यता बरी. शेवटचं असेल तर दुपारी चारला येणारी पालखी रात्री अकरालाही येते. प्रत्येक घरी गाऱ्हाणं होतं, ओटी भरली जाते, कुणाचा नवस फेडायचा असतो, कुणी म्हणतं अजून एकदा नाचवा. त्यात कुणाचाच दोष नाही. देव घाईत नसतो आणि त्याला आणणारेही नसतात.

आपला दिवस शनिवार-रविवारी आला तर उत्तमच. तो मंगळवारी पडत असेल तर मोठ्यांपैकी एकाने त्या दिवशी जावं आणि मुलाला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी वाडीतल्या दुसऱ्या कुणाच्या अंगणातली पालखी दाखवावी. पालखी भावकीतल्या कुणाच्या दारात आली तरी मुलासाठी ती तेवढीच आपली असते.

मुलाची तयारी मुंबईतच सुरू करा

लहान मुलं शिमग्यात दोन गोष्टींना बिचकतात, ढोलाला आणि संकासुराला.

ढोलाचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त जाणवतो आणि मुलाला तोच अनोळखी वाटतो. आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ मोबाइलवर ढोल-ताशा लावा, आधी हळू, मग जरा मोठ्याने. त्यासोबत घरातलं पातेलं बडवू द्या. आवाज आपण स्वतः काढला की त्याची भीती अर्धी होते. तरीही लहान मुलांसाठी कान झाकणारे हेडफोनसारखे मफ मिळतात ते घ्याच. कापसाचे बोळे पुरत नाहीत, शिवाय मूल ते काढून तोंडात घालतं. मफ नसतील तर अंतर राखा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून ढोलापासून दोन पावलांवर उभे असाल तर आठ पावलं मागे या, फरक लगेच जाणवेल. ओटीवर, भिंतीच्या आडोशाला, आजीच्या मांडीवर बसून ऐकलेला ढोल अंगणात मधोमध ऐकलेल्या ढोलापेक्षा कितीतरी मवाळ असतो.

संकासुराचं जरा नाजूक आहे. अंगभर काळा वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी लांब दाढी, कमरेला घुंगरं. खेळ्यांबरोबर तो उड्या मारत येतो आणि मुलांच्या मागे धावतो, कारण ते त्याचं कामच आहे. मोठ्यांना मजा वाटते म्हणून रडणाऱ्या मुलाला त्याच्या अंगावर ढकलायची सवय अजूनही अनेक घरांत आहे. ती मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. त्या एका क्षणाच्या हशापायी मूल पुढची तीन वर्षं शिमग्याला यायचं नाव काढत नाही. त्याऐवजी घरीच त्याचा फोटो दाखवा आणि गोष्ट सांगा, "हा संकासूर. तो देवाबरोबर येतो. तो बोलत नाही, नाचतो." काळ्या कागदाची टोपी करून मुलाच्याच डोक्यावर घाला. गावी गेल्यावर मूल कडेवर असताना दुरून बघू द्या. त्याला वाटलं तर दहाची नोट हातात देऊन पुढे करा, नको म्हणालं तर नको. आमच्या लेकीने पहिल्या वर्षी त्याला खिडकीच्या गजांतून बघितलं, दुसऱ्या वर्षी उंबऱ्यातून आणि तिसऱ्या वर्षी स्वतः जाऊन पैसे दिले.

तिसरी तयारी ओळखीची. गावात मूल दिसलं की कुणीही विचारतं, "कुणाची गो तू, बाय?" त्याचं उत्तर मुलाला पाठ करून द्या: आपलं नाव, आजोबांचं नाव, वाडीचं नाव. इमारतीचा पत्ता तिथे कामाचा नाही. खेळ्यांच्या गर्दीत हात सुटला तर या तीन शब्दांवर मूल पाच मिनिटांत घरी पोचतं. शिवाय मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनाने मोबाइल नंबर लिहा. घामाने पुसट होतो, तेव्हा संध्याकाळी पुन्हा गिरवा.

प्रवास

जमत असेल तर रेल्वे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे शिमग्याचं तिकीट जानेवारीत, काही वर्षी डिसेंबरअखेरच काढावं लागतं. तेव्हा गावाकडचा दिवस ठरलेला नसतो. आम्ही पंचांगात पौर्णिमा बघून तिच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही शनिवार-रविवारची तिकिटं काढतो आणि फोन आला की एक रद्द करतो. थोडे पैसे जातात, पण मूल मांडीवर घेऊन दारात उभं राहायची वेळ येत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, एसटीतही पाच वर्षांखाली तिकीट नाही. कोकणकन्या रात्री निघते, मांडवी सकाळी. लहान मुलाला रात्रीची गाडी सोयीची वाटते खरी, पण ती गावच्या स्टेशनात पहाटेच्या अंधारात सोडते. उतरवून न्यायला कोण येणार ते आधी ठरवा. चिपळूण, संगमेश्वर रोड, रत्नागिरी ही स्टेशनं गाठली तरी पुढे वाडीपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि शिमग्यात रिक्षा मिळेलच असं नाही.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर शुक्रवारी रात्री निघू नका, सगळी मुंबई तेव्हाच निघते. शनिवारी पहाटे चारला झोपलेल्या मुलाला तसंच उचलून गाडीत ठेवलं तर ते पहिले तीन तास झोपेतच काढतं. कशेडीची वळणं आता बोगद्यामुळे टळतात, पण पुढे परशुराम घाट आहेच आणि वाडीपर्यंतचे आतले रस्ते वळणावळणाचेच. ज्या मुलाला गाडी लागते त्याला निघताना दूध देऊ नका, कोरडी पोळी किंवा चुरमुरे द्या. उलटीचं औषध आपल्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलंच.

पिशवीत काय

नवे कपडे घ्यायचे असतील तर सुतीच घ्या. होमाजवळ आणि आरतीच्या ताटाजवळ नायलॉनचा झगा नको. त्यातही एक मऊ, रोजचा जोड असा ठेवा की ज्यात मूल झोपू शकेल आणि ज्यात देवापुढेही उभं राहू शकेल. त्याचं कारण पुढे येईल. पायात बंद बूट. मफ, टोपी, पाण्याची बाटली, जलसंजीवनीची पाकिटं, तापाचं औषध, मच्छरदाणी. झोपताना लागणारी स्वतःची चादर किंवा बाहुली विसरलात तर आजीच्या घरातली कुठलीच गोष्ट तिची जागा घेणार नाही.

दहा-वीसच्या नोटांची एक गड्डी वेगळी ठेवा. पालखीपुढे, खेळ्यांना, संकासुराला, बाईच्या सोंगातल्या गोमूला, घरी येणाऱ्या लहान पोरांच्या टोळीला देणं होत राहतं आणि ते मुलाच्या हातून दिलेलं चांगलं. आणि घराचा फाळा, म्हणजे सणाची वर्गणी, पोचल्याबरोबर भरून टाका. गावात राहणारे दहा-पंधरा दिवस राबतात तेव्हा आपल्या दोन दिवसांचा शिमगा होतो.

शनिवार: मुलाला घर ओळखीचं होऊ द्या

पोचल्या दिवशी दुपारपर्यंत काही म्हणजे काही ठरवू नका. मुलाला आंघोळ, गरम भात, झोप. वर्षभराने बघितलेलं घर, काळोखी माजघर, गोठा, अनोळखी म्हातारे चेहरे हे सगळं त्याच्यासाठी शिमग्याहून मोठं असतं. येणारा प्रत्येक जण त्याला कडेवर घ्यायला हात पुढे करील. "जरा घर ओळखीचं होऊ दे हां काकी, मग येईल ती" एवढं आपण बोलावं, कुणाला राग येत नाही.

मार्चमध्ये दुपारी बाराच्या पुढे अंगण तापतं आणि दमट उकाड्याने मूल कधी सुकलं ते कळत नाही. बारा ते चार घरात, जमिनीवर. कोकम सरबत पातळ करून, मीठ-साखर घालून वाटी-वाटीने देत राहा. दिवस ओल्या काजूचे असतात. उसळ झाली तर मुलासाठी मसाला घालायच्या आधी थोडी बाजूला काढायला सांगा, घावण्याबरोबर मुलं आवडीने खातात. पण झाडाखाली पडलेल्या बोंडाची बी मुलाच्या हाती लागू देऊ नका. तिच्या सालीतला चीक ओठांना आणि बोटांना भाजल्यासारखे फोड आणतो आणि तोच हात डोळ्याला लागला तर फार वाईट. कुणी पोरं विस्तवात बिया भाजत असतील तर मुलाला तिथून दूर ठेवा. तेल पेटून उडतं.

उन्हं उतरली की अंगणाचं काम निघतं. दुसऱ्या दिवशी देव येणार म्हणून सारवण, रांगोळी, दारात आंब्याचा टाळा. इथे मुलाला सामील करा. सारवायला हात घालू द्या, रांगोळीचे ठिपके द्यायला सांगा, वाकडे आले तर तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पालखी टेकणार ती जागा आपण सारवली आहे हे मूल विसरत नाही, आणि पालखी येते तेव्हा ते परक्यासारखं बघत उभं राहत नाही.

रात्री नमन असेल तर सुरुवातीचा अर्धा तास पुरे. मृदंग आणि टाळावरचं गण-गवळणीचं सोंग मुलांना खिळवून ठेवतं, पुढचा वग पहाटेपर्यंत चालतो, तो मोठ्यांसाठी. मागच्या बाजूला, घराकडे जाणाऱ्या पाखाडीजवळ बसा, म्हणजे झोपलेलं मूल उचलून शांतपणे निघता येतं. नवराबायकोपैकी कोण मुलाबरोबर परत जाणार हे घरून निघतानाच ठरवून घ्या. आमच्याकडे हे न ठरवल्यामुळे दोन वर्षं लेकीची आईच परतली आणि तिला एकही नमन पुरतं बघायला मिळालं नाही. आता एक रात्र तिची, एक माझी.

रविवार: पालखी येते तेव्हा

सकाळी मुलाला नेहमीसारखं खेळू द्या. दुपारची झोप मात्र कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका, पाहुणे असोत की काहीही असो. झोप झाली नाही तर संध्याकाळी पालखी दारात असताना मूल किंचाळत असेल आणि त्याला समजावायला तुमच्याकडे वेळ नसेल.

आपल्या आधीच्या तीन-चार घरांपैकी कुणाला तरी सांगून ठेवा, "तुमच्याकडं पालखी टेकली की फोन करा." रात्र झाली तर मुलाला जेवू घालून त्या मऊ कपड्यांतच झोपवा. फोन आला की पाणी पाजा, तोंडावरून हात फिरवा, कडेवर घेऊन ओटीवर या आणि लांबून येणारा ढोल ऐकू द्या. या दहा मिनिटांत मूल आपोआप जागं होतं. ढोल दारात वाजू लागल्यावर दचकून उठवलेलं मूल रडणारच.

आता क्रम सांगतो, कारण मुलाला तो आधी सांगितला तर ते वाट बघतं. पहिल्यांदा निशाण दिसतं. मग ढोल, ताशा, सनई. मागून खांद्यावर पालखी, आत फुलांत देवाची रूपं. घरातली बाई पालखी घेऊन आलेल्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते. पालखी अंगणातल्या पाटावर किंवा चौरंगावर टेकते. खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरतात. मग गुरव किंवा गावकर घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतात. घरातली माणसं कुठे आहेत, कोण परगावी, कुणाचं लग्न व्हायचं, कुणाला बरं नाही हे सगळं देवाला सांगतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

हे "व्हय म्हाराजा" मुलाला आधी शिकवून ठेवा. दोन वर्षांचं मूलसुद्धा ते म्हणू शकतं, आणि सगळ्यांबरोबर बरोबर जागी म्हणता आलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आधीच काकांना सांगून गाऱ्हाण्यात मुलाचं नाव घ्यायला लावा. गावच्या देवापुढे, भावकीच्या तोंडून, आपलं नाव ऐकणं मुलाला कळतं. आमच्या लेकीने त्या रात्री झोपताना मला विचारलं होतं, "देवाला माझं नाव कुणी सांगितलं?"

मुलाला एकच काम द्या. परडीतली फुलं वाहणं, किंवा दक्षिणा ठेवणं, किंवा प्रसादाचं खोबरं वाटणं. एकच, आणि तेच दर वर्षी. निरांजनाचं ताट देऊ नका. काही घरांत मुलाला पालखीखालून काढतात. मानकऱ्यांना विचारून, पालखी स्थिर असताना, मोठ्याच्या कडेवरून काढा.

मग पालखी नाचते. हा दोन दिवसांतला सगळ्यात सुंदर भाग आणि सगळ्यात सांभाळायचाही. नाचवणाऱ्यांची नजर पालखीवर असते, पायाखाली नसते. दांडा फिरतो तेव्हा त्याचं टोक मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर, म्हणजे कडेवरच्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर असतं. म्हणून ओटीवर उभे राहा. कोकणातल्या घराची ओटी अंगणापेक्षा दोन-तीन पायऱ्या उंच असते, तिथून मुलाला सगळं दिसतं आणि काही लागत नाही. मोबाइल दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. तुमचे दोन्ही हात मुलाभोवती हवेत.

काही गावांत पुरून ठेवलेला नारळ पालखी शोधून काढते. कुठे त्याला शेरणं म्हणतात, कुठे खुणा. हे दिवसा होत असेल तर मुलाला जरूर दाखवा. लपवलेली वस्तू देव शोधतो आहे, हा खेळ त्याला ताबडतोब कळतो.

होम बघायचाच असेल तर

तुमचे दोन दिवस होमावरच आले तर दुपारी होळी आणायला जातात ते दाखवा. पोफळ, माड, आंबा, गावाप्रमाणे जे झाड असेल ते सगळे मिळून खांद्यावर आणतात, वाटेत फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, घालतात. मुलासाठी होमाहून हेच जास्त रंगीत आणि उजेडात असतं. झाड उभं करताना मात्र त्याच्या उंचीच्या दीडपट लांब थांबा.

रात्रीच्या होमाला वारा कुठून येतो ते बघून त्याच्या पाठीकडून उभे राहा, म्हणजे धूर आणि ठिणग्या समोरच्या बाजूला जातात. गवत-पेंढा पेटला की पहिली पाच मिनिटं झळ सगळ्यात जास्त असते, तेव्हा तुमच्या गालाला गरम लागलं तर मुलाला ते सोसवत नाही असं समजा. लोक होमात नारळ टाकतात आणि काढतात, ती धावपळ सुरू झाली की निघा. भाजलेलं खोबरं घरी येतंच. दम्याच्या मुलाला होमाजवळ नेऊच नका. आणि चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला होलटे होम असतो, त्यात जळती लाकडं एकमेकांवर फेकतात. तो मुलं मोठी झाल्यावर बघा.

दुखलं-खुपलं तर

भाजलं तर २० मिनिटं वाहतं साधं पाणी, त्यावर पेस्ट, हळद, बर्फ काही नाही. मग डॉक्टर.

विंचवाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण शहरातल्या आईबापांना त्याचा अंदाज नसतो. कोकणातला लाल विंचू मोठ्या माणसाला भारी जातो, मुलाला तर जिवावर बेततो. उकाडा वाढला की तो दगड-लाकडांच्या सांदीतून बाहेर येतो, आणि शिमग्यात होमासाठी नेमकी लाकडं-गवत हलवलेलं असतं. मुलाला लाकडांच्या ढिगाजवळ खेळू देऊ नका. बूट घालण्याआधी झटका, अंथरूण झटका, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका. डंखाची शंका आली आणि मुलाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर एक मिनिटही मंत्र-तंत्रात किंवा पाल्याच्या लेपात घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच कोकणातल्या रुग्णांवर काम करून प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध विंचुदंशात जीव वाचवतं हे जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं. म्हणून पोचल्या दिवशीच जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, रात्री तिथे कोण असतं आणि वाडीत रात्री गाडी काढणारा कोण, हे विचारून ठेवा.

ज्यांचं गाव कोकणात नाही

मित्राच्या, शेजाऱ्याच्या गावी जा, आणि तेही बोलावलं तर. पालखी हा घरचा देव आहे, ती येते त्या अंगणात प्रेक्षक म्हणून जाता येत नाही, पाहुणा म्हणून मात्र आनंदाने घेतात. नारळ आणि फुलं घेऊन जा, चपला बाहेर काढा, रूपांचे फोटो काढायचे का ते आधी विचारा. सिंधुदुर्गात आणि गोव्यात याच दिवसांत रोंबाट आणि शिगमो असतात. तिथल्या मोठ्या मिरवणुका रस्त्यावरून जातात आणि कुणालाही बघता येतात, पण गर्दी आणि आवाज कितीतरी जास्त. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन मी घरची पालखीच निवडीन.

परत निघताना

रविवारी रात्री पालखी उशिरा आली असेल तर सोमवारची रजा हवीच, म्हणजे ती आधीच टाकून ठेवा. निघताना मुलाला देवळाकडे किंवा सहाणेकडे नेऊन नमस्कार करायला लावा. देव अजून दुसऱ्या वाडीत फिरत असेल तर तसं सांगा, "आता तो तुझ्या आत्याच्या वाडीत गेलाय." प्रसादाचा नारळ मुलाच्याच पिशवीत ठेवा.

घरी आल्यावर आठवडाभर पालखीचाच खेळ चालतो. एक लांब काठी, जुनं उपरणं, एक उशी आणि दोन खांदे एवढं सामान द्या. गाऱ्हाणं तुम्हाला घालावं लागेल आणि त्यात शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींची नावं यायला हवीत. ढोल म्हणून पातेलं वाजणार, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून या, आणि जाताना त्यांच्यासाठी खोबऱ्याचा प्रसाद मुलाच्या हाती द्या.